माका रूट पावडर घेतल्याने खरंच फायदा होतो का?

थोडा होतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. केसांच्या तेलातला आपला माका तो हा नव्हे. हा पेरूमधला, अँडीज पर्वतात ४,००० मीटरच्या आसपास उगवणारा, मुळा-मोहरीच्या कुळातला कंद. तिथले लोक तो वाळवून ठेवतात आणि शिजवून खातात, म्हणजे त्यांच्यासाठी ते रोजचं अन्नच आहे.

सगळ्यात जास्त बोललं जातं ते कामेच्छेबद्दल. पेरूमध्ये पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात रोज दीड ते तीन ग्रॅम माका दिला, तेव्हा आठ आठवड्यांनंतर इच्छा वाढल्याचं दिसलं; टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) मात्र होतं तेवढंच राहिलं. त्यामुळे ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’ असं लिहिलेल्या डब्यावर पैसे घालवू नका. रजोनिवृत्तीच्या त्रासातही काही बायकांना आराम पडल्याचे अभ्यास आहेत, पण ते अगदी लहान.

थायरॉईडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर टाळाच. आणि पुरुषांसाठीच्या ‘झटपट ताकद’वाल्या मिश्र गोळ्यांपासून तर लांबच राहा, त्यांत लपवून सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळल्याचे प्रकार सापडले आहेत. हृदयाची औषधं चालू असणाऱ्यांच्या ते जिवावर बेतू शकतं.