दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात येताना बसणारा झटका
वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालची, दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची परफॉर्मन्स सेडान आहे. गिअरबॉक्स सहा गिअरचा, ओल्या क्लचचा डीएसजी असून गाडी ७१,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या तीन-चार महिन्यांपासून सिग्नलला गाडी थांबत आली, की दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात जाताना मागून कोणी ढकलल्यासारखा झटका बसतो. सकाळी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकला, तर दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम हिसका देऊन मागे येते. हायवेवर मात्र तिसऱ्या गिअरपासून पुढे काहीही तक्रार नाही. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून पंधरा मिनिटांत मेकॅट्रॉनिक युनिट (ऑइलच्या दाबाने क्लच आणि गिअर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलावे लागेल असे सांगितले आणि अडीच लाखांचे एस्टिमेट हातात ठेवले. ५८,००० किलोमीटरला मी बाहेरच्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचे ऑइल बदलून घेतले होते. त्या बिलाची प्रत सोबत जोडली आहे. दीड वर्षापूर्वी इंजिनाचा रिमॅप केला आहे, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याचे सॉफ्टवेअर बदलून घेतले आहे. मूळ टॉर्क ३५० न्यूटन मीटर होता, तो आता ४२० झाल्याचे ट्यूनर सांगतो. हे सर्व्हिस सेंटरला मी सांगितलेले नाही. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : त्या एस्टिमेटवर अजून सही करू नका. मेकॅट्रॉनिक बिघडलेच नसेल असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही. परंतु तुमच्या पत्रातली लक्षणे आणि त्याहूनही अधिक सोबतचे बिल पाहता, त्याच्या आधी तपासायच्या दोन-तीन गोष्टी अजून कोणी तपासलेल्याच नाहीत, असे स्पष्ट दिसते.

आधी झटका नेमका कुठे बसतो ते पाहू. डीएसजी म्हणजे एका खोक्यात बसवलेले दोन गिअरबॉक्स असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्लच असतो. तुमच्या जातीच्या, म्हणजे २००३ साली गोल्फ आर-३२ मध्ये प्रथम आलेल्या सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या बॉक्समध्ये, पहिला क्लच १, ३, ५ आणि रिव्हर्स हे गिअर सांभाळतो, तर दुसरा क्लच २, ४ आणि ६. तुमच्या दोन्ही तक्रारी, पहिल्यात जातानाचा झटका आणि रिव्हर्सचा उशीर, या एकाच क्लचच्या वाट्याच्या आहेत. आता तिसरा आणि पाचवा गिअरसुद्धा त्याच क्लचवर चालतात आणि तिथे तुम्हाला काहीही जाणवत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्लेटा जळल्या किंवा झिजल्या असत्या, तर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, आणि तुमच्या गाडीत तर वाढवलेल्या टॉर्कखाली, त्या घसरल्याशिवाय राहिल्या नसत्या. याची खात्री करून घ्या : मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्या गिअरला २,००० आरपीएमवर आणा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे पळाला आणि गाडीचा वेग मागे राहिला, तर प्लेटा घसरत आहेत. काटा आणि वेग बरोबरीने चढले, तर प्लेटा शाबूत आहेत आणि दोष क्लच हळूच धरण्याच्या त्या पहिल्या क्षणात आहे. तो क्षण ऑइलचा दाब आणि कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेले आकडे या दोहोंवर अवलंबून असतो.

आता तुमच्या बिलाकडे वळतो. त्यावर ‘डीएसजी ऑइल ४ लिटर’ अशी एक ओळ आहे, खाली मजुरी आहे, आणि फिल्टरचा उल्लेखच नाही. या गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे सात लिटर ऑइल असते आणि बदलताना त्यातले पाच लिटरहून थोडे अधिक बाहेर येते. बाकीचे आतच राहते. चार लिटरच्या बिलाचा अर्थ काय असू शकतो, ते सांगतो. या बॉक्सच्या खालच्या बोल्टच्या आत एक छोटी प्लॅस्टिकची नळी उभी असते. बोल्ट काढला, की त्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचेच ऑइल वाहून जाते, कारण ती नळी ऑइलची पातळी ठरवण्यासाठीच बसवलेली आहे. सगळे ऑइल काढायचे तर नळीही काढावी लागते आणि नवे भरण्याआधी परत बसवावी लागते. नळी काढून सगळे ऑइल सोडले असेल आणि चारच लिटर भरले असेल, तर तुमची गाडी तेरा हजार किलोमीटर एक लिटरहून अधिक कमी ऑइलवर चालली आहे. ऑइल भरपूर भरूनही इंजिन खूप तापलेले असताना पातळी पाहिली असेल, तरी परिणाम तोच होतो, कारण गरम ऑइल फुगते, नळीवरून जास्त वाहते, आणि थंड झाल्यावर आत कमी उरते.

ऑइल कमी असेल, तर ब्रेक लावून थांबताना ते पुढच्या बाजूला सरकते, आणि उताराच्या रॅम्पवर गाडी तिरकी असताना पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. मग क्लचपर्यंत दाब उशिरा पोहोचतो आणि पोहोचतो तेव्हा एकदम पोहोचतो. तुम्ही लिहिलेले ‘दोन सेकंद काहीच नाही आणि मग हिसका’ हे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

पातळी तपासण्याची रीत अशी आहे, आणि ती तुम्ही स्वतः लिफ्टजवळ उभे राहून पाहावी, असा माझा आग्रह आहे. गाडी रात्रभर उभी असावी, कारण पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ऑइल हवे त्याच्या कितीतरी पुढे तापलेले असते आणि मग ते थंड होण्याची वाट पाहायला कोणी तयार नसते. गाडी लिफ्टवर समपातळीत घ्यावी. इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावा आणि शेवटी पीमध्ये आणावा. स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान दिसू लागले, की इंजिन चालू असतानाच खालचा बोल्ट काढावा. नळीतून ऑइल थेंब-थेंब पडू लागले, तर पातळी बरोबर आहे. धार लागली तर ऑइल जास्त आहे, ती थेंबांवर येईपर्यंत जाऊ द्यावी. काहीच पडले नाही, तर तुमच्या झटक्याचे कारण बहुधा तिथेच सापडले.

तरीही मी तुम्हाला नुसते वरून ऑइल टाकून घेण्याचा सल्ला देणार नाही. या बॉक्सचे ऑइल आणि फिल्टर दोन्ही ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. तुमचा फिल्टर, बिलावरून पाहता, कारखान्यातूनच आलेला आहे. ऑइल जी ०५२ १८२ या दर्जाचेच घ्यावे. साध्या टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत पोहोचवणाऱ्या, ऑटोमॅटिकसाठी मिळणारे ऑइल यात चालत नाही, कारण इथे तेच ऑइल क्लचच्या प्लेटाही भिजवते आणि तिथले घर्षण त्यावरच ठरते. मागच्या वेळी कोणते ऑइल भरले हे बिलावर लिहिलेले नसल्याने, ते पूर्ण काढून टाकणेच बरे.

ऑइल बदलल्यावर मूळ आकडे पुन्हा शिकवण्याचे काम राहते, ज्याला गॅरेजमध्ये बेसिक सेटिंग म्हणतात. क्लच कोणत्या दाबाला धरू लागतो, हे कंट्रोल युनिट सतत शिकत असते. कमी ऑइलवर आणि दाबाच्या चढउतारात त्याने गेले काही महिने जे शिकून ठेवले आहे, तेच चुकीचे असणार. बेसिक सेटिंग गाडी उभी असताना होते, आणि त्यानंतर सगळे गिअर वर-खाली जातील अशी शांतपणे गाडी चालवावी लागते. त्यामुळे किल्ली परत घेतल्या घेतल्या झटका गेला नाही, म्हणून निराश होऊ नका. दोन-तीन दिवस चालवून मग मत बनवा.

रिमॅपविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. या गिअरबॉक्सची मर्यादा ३५० न्यूटन मीटरची आहे आणि तुमच्या इंजिनाचा मूळ टॉर्कही तेवढाच होता, म्हणजे वर काहीच जागा शिल्लक नव्हती. ४२० न्यूटन मीटर धरून ठेवण्यासाठी क्लचवर अधिक दाब द्यावा लागतो आणि तो नुसत्या इंजिनाच्या रिमॅपने मिळत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सचे सॉफ्टवेअरही त्याच हिशेबाने बदललेले असावे लागते. तुमच्या ट्यूनरने ते केले आहे का, हे त्याला विचारा. तपासणीच्या काळात तरी मूळ मॅप परत टाकून घ्या, आणि सर्व्हिस सेंटरला रिमॅपची माहिती द्या. वॉरंटीचा प्रश्न आता तुमच्यापुढे बहुधा उरलेला नाही. उलट, ही माहिती दडवली तर तंत्रज्ञ स्कॅनरवर दिसणाऱ्या टॉर्कच्या आकड्यांचा चुकीचा अर्थ लावतो आणि त्या चुकीचे पैसे तुम्हालाच भरावे लागतात.

पंधरा मिनिटांच्या त्या स्कॅनचा प्रिंटआउटही मागून घ्या. त्यात दाबाविषयीचा किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या झडपेचा) एरर कोड खरोखर आहे का, तो किती वेळा आणि कोणत्या तापमानाला नोंदला गेला, हे पाहिल्याशिवाय अडीच लाखांचा सुटा भाग बदलणे मला मान्य नाही. कोडांची रांग कमी व्होल्टेजची असेल, तर आधी बॅटरी तपासा. ऑइल योग्य पातळीवर, फिल्टर नवा, बेसिक सेटिंग झालेली आणि मॅप मूळचा, एवढे सगळे असूनही दाबाचा कोड परत आला, तर मात्र मेकॅट्रॉनिकचा संशय रास्त ठरेल आणि तेव्हा खर्च टाळता येणार नाही. आणखी एक लहान गोष्ट : इंजिनाच्या खालचे टॉर्क माउंट (इंजिनाला हलू न देणारा रबरी आधार) गेले असेल, तर थांबताना बसणारा धक्का थेट गिअरबॉक्सचाच वाटतो. गाडी लिफ्टवर असतानाच पहारीने ते हलवून पाहायला सांगा; त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

प्रश्न : माझ्या छोट्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. घोडबंदर रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते. प्रत्येक सिग्नलला एनमध्ये टाकू का? आणि गिअर ऑइल बदलले तर थरथर जाईल, असे मेकॅनिक म्हणतो, ते खरे आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, ताई, कारण त्यात तुमचे पैसे वाचतील. तुमच्या बॉक्समध्ये क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये नसतात. गिअरचे ऑइल वेगळे आणि मेकॅट्रॉनिकचे वेगळे असते. त्यामुळे गिअरचे ऑइल बदलल्याने कोरड्या क्लचची थरथर जाण्याचे काहीच कारण नाही. आधी क्लचची अॅडॅप्टेशन, म्हणजे क्लच कुठे धरतो हे कंट्रोल युनिटला शिकवणे, पुन्हा करून घ्या आणि त्याच वेळी प्लेटांची झीज दाखवणारे आकडे स्कॅनरवर वाचून घ्या. झीज मर्यादेबाहेर असेल, तर क्लचचा पूर्ण संच बदलणे हाच उपाय उरतो.

सिग्नलला एनमध्ये टाकण्याची धावपळ करू नका. ब्रेक नीट दाबलेला असताना क्लच जवळजवळ मोकळाच असतो; दोन-तीन मिनिटांचा थांबा असेल, तरच एन किंवा पी वापरा. क्लच खरा झिजतो तो रांगण्यात. समोरची गाडी चार फूट सरकली, की आपणही चार फूट सरकायचे, असे केल्याने क्लच सतत अर्धवट धरलेला राहतो आणि तापतो. थोडे अंतर पडू द्या आणि मग ब्रेक सोडून गाडीला इतके पुढे जाऊ द्या, की क्लच पूर्ण धरेल. मध्ये रिक्षा घुसेल हे मला ठाऊक आहे, घुसू द्या. रांगण्याची वेळ आलीच, तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवा, म्हणजे पहिल्या-दुसऱ्याची ती अदलाबदल थांबेल. आणि फ्लायओव्हरच्या चढावर गाडी अॅक्सिलरेटरने कधीही तोलून धरू नका. तिथे ब्रेकच हवा.

प्रश्न : मी वापरलेली जर्मन स्पोर्ट्स सेडान घेत आहे. आठ गिअरचा झेडएफ ८एचपी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, ९२,००० किलोमीटर, वय नऊ वर्षे. विक्रेता म्हणतो, गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभराचे असते. चालवताना ७० च्या वेगाला हलकी थरथर जाणवली.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः या ऑइलसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे अशी मुदत सांगते, तेव्हा विक्रेत्याच्या ‘आयुष्यभरा’वर विसंबू नका. स्थिर वेगात, अॅक्सिलरेटर हलका दाबलेला असताना, बारीक पट्ट्यांवरून टायर गेल्यासारखी जी थरथर येते, ती बहुधा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची, असते. जुन्या ऑइलमुळे ती येत असेल, तर नव्या ऑइलने कमी होते. लॉकअपचे अस्तरच गेले असेल, तर कन्व्हर्टर काढावा लागतो. व्यवहार पक्का करण्यापूर्वी गाडी पूर्ण तापू द्या आणि कसाऱ्याच्या दिशेने निदान अर्धा तास चालवा. थरथर थंड गाडीत असते की गरम झाल्यावर, हे टिपून ठेवा. यातला फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून पॅन, फिल्टर, बोल्ट आणि ऑइल असा सगळा खर्च धरूनच विक्रेत्याशी किमतीचे बोला.