मँडरिन मासा खरंच इतका निळा असतो का?

तुम्ही विचारलंय की मँडरिन माशाच्या फोटोंतला निळा रंग खरा असतो की वाढवलेला, आणि हा मासा घरच्या टाकीत ठेवावा का.

रंग अगदी खरा आहे. मोरपीस कुटून पाहिलं तर हाती तपकिरी भुकटी येते, कारण तिथली निळाई पिसाच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाची असते. बहुतेक निळ्या माशांचंही असंच, पेशींतल्या स्फटिकांच्या थरांमुळे ते निळे दिसतात. मँडरिनच्या कातडीत मात्र निळ्या रंगद्रव्यानं भरलेल्या पेशीच असतात. 1995 मध्ये जपानी संशोधकांनी मँडरिन आणि त्याच्याच जवळच्या ठिपकेवाल्या जातीत त्या शोधल्या आणि त्यांना सायनोफोर म्हटलं. कणा असलेल्या प्राण्यांत ही गोष्ट फार दुर्मीळ आहे. मला अजूनही याचं नवल वाटतं.

मासा जेमतेम 6-7 सेंटीमीटरचा. अंगभर निळ्या, हिरव्या, नारिंगी नागमोडी रेघा. चिनी दरबारातल्या अधिकाऱ्यांच्या झग्यांवरून त्याला हे नाव पडलं. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांत, मोडक्या पोवळ्यांच्या ढिगाऱ्यात तो राहतो आणि पोटाखालच्या परांवर चालल्यासारखा सरकतो. खवले नाहीत, त्याऐवजी उग्र वासाचा, कडू चिकट थर असतो. सूर्य मावळताना नर-मादी अंगाला अंग लावून हळूहळू वर येतात, अंडी सोडतात आणि झटकन खाली जातात. नराच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा लांब असतो, ओळखायला तेवढं पुरतं.

आता टाकीबद्दल. मी घाई केली होती. तीन महिन्यांच्या टाकीत मासा सोडला आणि काही आठवड्यांत तो उपाशी मेला. हा मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान कवचधारी जीव, एकेक करून टिपतो. नव्या टाकीतले ते बघता बघता संपतात, आणि गोठवलेल्या खाद्याकडे समुद्रातून पकडलेला मँडरिन सहसा बघतही नाही. माझा मासा शेवटपर्यंत रंगानं तसाच झळाळत होता, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

टाकी वर्षभर जुनी आणि लाइव्ह रॉकनं, म्हणजे बारीक जीवांची वस्ती असलेल्या समुद्री दगडांनी, भरलेली असेल तरच विचार करा. शक्यतो टाकीतच पैदास झालेला मासा घ्या; तो तयार खाद्य लवकर शिकतो. दुकानात त्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा, आणि वरून पाहा: डोक्यामागे अंग आत गेलेलं दिसलं तर तो आधीच उपाशी आहे.