आधी गिऱ्हाईक, मग मशीन

धंद्याची वाट : वाचकांचे प्रश्न, सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळते. मला स्वतःचं गारमेंट युनिट टाकायचंय. १० जुन्या शिलाई मशीन एका ठिकाणी विकायला आहेत, कर्जाचंही बोलणं चाललंय. पण घरचे म्हणतात, आपल्या रक्तात धंदा नाही. मी मोठ्या वक्त्यांचे व्हिडिओ बघतो, शिबिरांना जातो. दोन दिवस अंगात बळ येतं, मग पुन्हा भीती बसते. उद्योजकाची मानसिकता तयार कशी करायची?
— वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आधी रक्ताचं बोलते, कारण ते मलाही ऐकावं लागलंय. माझे वडील गिरणी कामगार, आई घरी विड्या वळायची. तू राहतोस त्या पूर्व भागातली माग-मालकांची घरं आठव. त्यातल्या कितीतरी घरांचे आजे-पणजे तेलंगणातून पोटासाठी इथं आले. आधी दुसऱ्याच्या मागावर विणलं, मग पै-पै जोडून स्वतःचा माग घेतला. त्यांच्या रक्तात विणकाम होतं, मालकी नव्हती. ती त्यांनी इथं येऊन शिकली.

वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म १८८२चा. पुढे त्यांनी जहाजं, विमानं, मोटारी यांचे कारखाने उभे केले हे सगळे सांगतात. मला त्यांची सुरुवात जास्त मोलाची वाटते. घरचा व्यापार-सावकारी सोडून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, ती लक्ष्मणराव फाटक नावाच्या भागीदाराबरोबर. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. म्हणजे कामाची माहिती कारकुनी केलेल्या माणसाकडे होती आणि त्या माहितीलाही भांडवलाइतकीच किंमत मिळाली. तू सुपरवायझर आहेस. कोणतं सूत धुतल्यावर आटतं, कोणता कारागीर सोमवारी खाडा करतो, माल परत कशामुळे येतो, हे तुला ठाऊक आहे. हे तुझं भांडवल आहे आणि ते तू मोजलेलंच नाहीस.

आता भीतीचं. उद्योजकतेच्या प्रशिक्षणात एक खेळ घेतात, मीही मुलांकडून करून घेते. जमिनीत खुंटी, हातात रिंगा, आणि कुठून फेकायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, सगळ्या रिंगा खुंटीत पडतात आणि त्याचा त्यांनाच आनंद नसतो. काही जण भिंतीपाशी जाऊन लांबून फेकतात. पडली तर नशीब, नाही पडली तर कोण नावं ठेवणार! थोडेच जण अशा अंतरावर उभे राहतात की नेम धरला तर पडेल, नाही धरला तर चुकेल. आणि चुकली की ते पाऊलभर पुढे सरकतात. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं याच मधल्या माणसाचा अभ्यास केला. १९६०च्या दशकात त्यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापारी-कारखानदारांना काही दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पुढे पाहणी केली तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्यांनी जास्त तास काम केलेलं, नव्यानं पैसा गुंतवलेला आणि जास्त माणसं कामाला लावलेली दिसली. ही साधी दुकानदार माणसं होती. म्हणजे ही वृत्ती शिकता येते, आणि ती अंतर ठरवण्याच्या सवयीतून येते.

तुझ्या पत्रात मला दोन्ही टोकं दिसतात. व्हिडिओ बघत राहणं म्हणजे खुंटीला चिकटून उभं राहणं. कर्ज काढून १० मशीन एकदम उचलणं म्हणजे भिंतीपाशी जाऊन फेकणं. मधली जागा मी दाखवते.

मशीन घेऊ नकोस. आधी एक शाळा गाठ, लहान, २००-२५० मुलांची. गणवेशाच्या ऑर्डरी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये ठरतात आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतात. तेव्हा डिसेंबरपासूनच नमुना हातात घेऊन फिरायला लाग. नमुना म्हणजे एक शर्ट, एक पँट, एक फ्रॉक, आणि तोच शर्ट २० वेळा धुतलेला. मुख्याध्यापकांसमोर धुतलेला शर्ट ठेवलास की बोलावं कमी लागतं. ऑर्डर मिळाली की चांगल्या कटिंग मास्तरकडून कापून घे आणि शिलाई जॉबवर्कला दे, म्हणजे दुसऱ्याच्या युनिटमधून मजुरीवर करून घे. आपल्याकडे अशी कितीतरी युनिटं आहेत, जिथं हंगाम सोडून मशीन झाकून ठेवलेल्या असतात. तुझा नफा कमी राहील, मला माहीत आहे. पण एका हंगामात तुला साइझचा गोंधळ कळेल, काज-बटणवाला कुठं अडवतो ते कळेल, आणि मुख्य म्हणजे शाळा पैसे कधी देते ते कळेल. १० मशीन घेऊन बसलास तर हे सगळं हप्ते भरता भरता शिकावं लागेल.

पेन घेऊन एका शर्टाचा हिशेब लिही. कापड, बकरम (कॉलरच्या आतलं कडक कापड), बटणं, धागा, कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री, पिशवी, रिक्षाभाडं, आणि कापणीत वाया जाणारं कापड. हे शेवटचं नवखे लोक धरत नाहीत आणि नफा तिथंच जातो. मग उधारीचे दिवस लिही. कापडवाल्याला तू ३० दिवसांनी देणार आणि शाळा तुला ९० दिवसांनी देणार असेल, तर मधले ६० दिवस कोणाच्या पैशानं चालणार? हा प्रश्न रात्री पडला की समज, तू उद्योजकासारखा विचार करायला लागलास. ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेव, ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे; कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानं नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की मागताना आवाजात फरक पडतो.

आणि धाडसाबद्दल एक. सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या प्राध्यापिकेनं अमेरिकेत २७ मुरलेल्या उद्योजकांना एकच काल्पनिक धंदा देऊन विचार मोठ्यानं बोलायला लावलं. त्यातले बहुतेक ‘नफा किती होईल’ इथून सुरू झालेच नाहीत. किती गेलं तर आपल्याला सोसवेल, हे त्यांनी आधी ठरवलं. तूही घरी बसून आई-वडिलांसमोर तो आकडा ठरव. समजा ४० हजार. ते गेले तरी बहिणीचं शिक्षण, घरभाडं, औषधं हलणार नाहीत, असा आकडा. तो कागदावर आला की घरच्यांची भीती निम्म्यावर येते, कारण त्यांना ‘सगळं जाईल’ याचं भय असतं, ४० हजारांचं नसतं. नोकरी पहिल्या हंगामात सोडू नकोस.

प्रश्न : मी विडी घरकुलमध्ये, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून ओळखीच्या घरांत देते. सगळे नावाजतात, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. नातेवाइकांकडून पैसे घ्यायला जीभ उचलत नाही. मला धंदा जमणार नाही का?
— एक गृहिणी

उत्तर : ताई, तुम्हाला करणं जमलंय, मागणं राहिलंय. माझी आई हजार विड्यांना किती मजुरी हे झोपेतसुद्धा सांगायची. तुम्हीही विड्या वळल्या असतील तर तुम्हाला स्वतःच्या तासाची किंमत माहीत आहे. मग उखळात चटणी कुटायला गेलेले तीन तास फुकट कसे? शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ, गॅस, बरणी आणि तुमची मजुरी, हे सगळं धरून किलोचा भाव काढा. मजुरी वेगळ्या डब्यात टाका, उरेल तो नफा दुसऱ्या डब्यात. दोन्ही एकत्र केले की धंदा बुडतोय की चालतोय ते कळत नाही, तुम्हाला आत्ता कळत नाही तसंच.

नातेवाइकांना छोटी बरणी भेट द्या, वर्षातून एकदा, संक्रांतीला. बाकी वेळी भाव सांगायचा. पहिल्यांदा तोंड कोरडं पडेल. तरी सांगा.

खवट होणं हा शेंगाचटणीचा खरा शत्रू. प्रत्येक घाण्याच्या एका बरणीवर तारीख लिहून ती घरातच ठेवा आणि दर आठवड्याला चाखा. किती दिवस टिकते ते तुमच्या जिभेला कळल्याशिवाय पाकिटावर काही छापू नका. विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, छोट्या कामासाठी ती साधी असते. पुढे मशीन घ्यावंसं वाटलं तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, म्हणजे पीएमएफएमईमध्ये, ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख. योजना आत्ता चालू आहे का, याची कृषी कार्यालयात चौकशी करा. पण अनुदान मिळतंय म्हणून मशीन घ्यायचं नाही. गिऱ्हाइकाला चटणी पुरवता येईना, हात दुखायला लागले, मग घ्यायचं.

प्रश्न : वय ५२. माझे चादरीचे माग बंद आहेत. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला. सगळे म्हणतात नवीन काहीतरी करा, मानसिकता बदला. मला चादरीशिवाय काही येत नाही.
— माग-मालक, सोलापूर

उत्तर : दादा, तुम्हाला जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, नक्षी बसवता येते, ते ‘काही येत नाही’ होत नाही. सगळे माग एकदम देऊ नका. दोन ठेवा, जे चांगले चालतात ते. बाकीच्यांच्या पैशातून आधी देणी फेडा, नवीन काही नको.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं, तरी बाहेरगावचा स्वस्त माल तिच्या नावानं खपतो. त्यामुळे खरी चादर हवी असलेल्या माणसाला ती ओळखता येत नाही. या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून विणकराला नोंदणी करता येते. जिल्हा उद्योग केंद्रात त्याचे कागद विचारा. मग ठोक व्यापाऱ्याऐवजी थेट माणसाला विकून बघा. पुण्या-मुंबईत राहणारे सोलापूरकर, लग्नात आहेराला चादरी देणारी घरं, इथून सुरू करा. फोनवर फोटो आणि भाव टाकायला घरातल्या मुला-मुलीला बसवा, पण बोलणं तुम्ही करा. धुतल्यावर रंग का जात नाही हे तुमच्यासारखं त्यांना सांगता येणार नाही.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळवा : देणं किती आहे, महिन्याला दोन मागांवर किती चादरी निघतील, आणि एका चादरीचा सुतापासून घडीपर्यंतचा खर्च. त्यावर पुढचं बोलू.