स्टँडर्ड, कोरस आणि बिचारी अस्ताई

प्रश्न असा : एका जॅझ गायिकेच्या अल्बमच्या मराठी परिचयात ‘जुन्या लाउंज स्टँडर्ड्सची कव्हर्स, तीही कोरसशिवाय’ असं वाचायला मिळालं. ‘स्टँडर्ड’ला मराठीत काय म्हणावं? ‘प्रमाणगीत’ चालेल का?

नाही चालणार. प्रमाणवेळ, प्रमाणपत्र यांच्या रांगेत बसवलं की गाण्याचा सरकारी कागद होतो. ‘सदाबहार’ त्याहून वाईट. सदाबहार हे कौतुक झालं, स्टँडर्ड हा वाजवणाऱ्यांच्या कामाचा शब्द आहे. जे गाणं सगळ्यांना पाठ आहे असं धरून चालतात, पट्टी आणि लय सांगितली की तालमीशिवाय सुरू करतात, ते स्टँडर्ड. गाणं थोर आहे की नाही हा वेगळा वाद.

‘कव्हर’ तर सपशेल चूक. कव्हर म्हणजे एखाद्याच्या नावावर गाजलेली ध्वनिमुद्रिका दुसऱ्यानं गाणं. स्टँडर्डला असा मालक नसतो. यातली बरीच गाणी १९२० ते १९५० या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेची संगीत नाटकं आणि हॉलिवूडचे बोलपट यांच्यासाठी लिहिली गेली. नाटकं विसरली गेली, पदं मैफलीत राहिली. मराठी माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको. ‘संगीत स्वयंवर’मधली (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या चालींची पदं आज कुणी गायलं, तर ‘बालगंधर्वांचं कव्हर केलं’ असं आपण म्हणतो का? लाउंजबद्दल एवढंच, की तो मुळात हॉटेलातला बसायचा दिवाणखाना आहे, स्टँडर्डचा प्रकार नाही.

आता खरी गंमत. इंग्रजी ‘स्टँडर्ड’ आला जुन्या फ्रेंच ‘एस्तांदार’वरून, अर्थ लढाईतलं निशाण. काही कोशकार त्याचं मूळ लॅटिन ‘पसरणे’ या धातूत शोधतात, कारण निशाण फडकतं. दुसरे म्हणतात मूळ जर्मानिक : ‘स्टँड’ अधिक ‘हार्ड’, घट्ट उभं राहणारं. पहिल्या मंडळींनी कापडाकडे पाहिलं आणि काठी विसरली! ११३८ साली इंग्लंडमध्ये नॉर्थअलर्टनजवळ झालेल्या लढाईला ‘बॅटल ऑफ द स्टँडर्ड’ म्हणतात. तिथे गाड्यावर जहाजाची डोलकाठी उभी करून तिला संतांची निशाणं बांधली होती. ‘शौर्य इथे उभं ठाकलं म्हणून स्टँडर्ड’ अशी व्युत्पत्ती त्याच काळातल्या एका लॅटिन श्लोकात दिली आहे. लोकव्युत्पत्ती म्हणून ती झटकणाऱ्यांनी खुशाल झटकावी. राजाच्या निशाणाखाली ठरलेलं माप, म्हणून पुढे मापाला स्टँडर्ड, असा प्रवास मानतात.

‘स्टँड’ आणि संस्कृत ‘स्था’ ही सख्खी भावंडं, याबद्दल तरी कुणाचं दुमत नाही. आणि ‘स्था’पासून आपल्या बंदिशीची ‘स्थायी’, म्हणजे तिचा पहिला भाग. म्हणजे काठीवाल्यांचं मानलं, तर तिकडचं स्टँडर्ड आणि इकडची स्थायी एकाच घरातल्या. गवयांच्या तोंडी स्थायीची ‘अस्ताई’ झाली, जशी स्तुतीची अस्तुती आणि स्त्रीची अस्तुरी. इथवर ठीक. पण शुद्ध लिहिण्याच्या हौशीनं लोक तिला ‘अस्थायी’ करतात! अस्थायी म्हणजे तात्पुरती. जी फिरून फिरून येते, जिच्यावर सम ठरते, ती तात्पुरती? ‘अस्ताई’ बोला, ‘स्थायी’ लिहा, पण ‘अस्थायी’ला हात लावू नका.

बरं, नातं नुसतं शब्दांचं नाही, रचनेचंही आहे. या गाण्यांचा नेहमीचा साचा ३२ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) : अ-अ-ब-अ, प्रत्येक भाग ८ बारचा. बारला ४ मात्रा धरल्या तर १२८ मात्रा, म्हणजे १६ मात्रांच्या तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. ‘अ’ ही स्थायी, दोनदा. ‘ब’ला ते ब्रिज म्हणतात, तो आपला अंतरा, शब्दशः ‘मधला’. अंतरा तार षड्जाकडे झेपावतो, ब्रिज अनेकदा पट्टीच बदलतो. ‘बॉडी अँड सोल’ या स्टँडर्डचा (१९३०) ब्रिज मूळ पट्टीच्या अर्ध्या स्वरानं वर सुरू होतो. मग पुन्हा स्थायी. ‘ऑल ऑफ मी’ अ-ब-अ-क आहे आणि ‘समरटाइम’ १६ बारांतच संपतं, असं कुणी म्हणेलच. म्हणू द्या.

या पूर्ण ३२ बारच्या फेरीला ‘कोरस’ म्हणतात. चार जणांनी मागे आ-आ करण्याशी जॅझमधल्या या कोरसचा संबंध नाही. कोलमन हॉकिन्सनं १९३९ मध्ये ‘बॉडी अँड सोल’ टेनर सॅक्सोफोनवर मुद्रित केलं, ते दोन कोरस. गाणारं कुणीच नाही! तेव्हा ‘कोरसशिवाय’ स्टँडर्ड गायलं म्हणजे फक्त ‘व्हर्स’ गायली. गायक फ्रँक सिनात्रानं १९६१ मध्ये ‘स्टारडस्ट’चं नेमकं तेच केलं, पण तो अपवाद. व्हर्स म्हणजे नाटकातल्या संवादातून गाण्यात शिरायची सैल लयीतली प्रस्तावना. तिला अंतरा समजू नका. (हा शब्द लॅटिन ‘वळणे’वरून आला, त्याचा संस्कृत भाऊ ‘वृत्’, म्हणून व्हर्स आणि आपलं ‘वृत्त’ हेही भाऊबंद.) नाटक सुटलं, नाचायला सरळ लय हवी झाली आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून व्हर्स गळाली. हिशोब करा : मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एक कोरस ९६ सेकंद. गायिका एक पूर्ण कोरस गाते, दोन ‘अ’ वाद्यांना देते, ब्रिजपासून परत येते. दोन कोरस म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद, तबकडी संपली. गायिका एला फिट्झजेराल्डनं १९५६ च्या ‘कोल पोर्टर साँगबुक’ या अल्बममध्ये (पोर्टर हा गीतकार-संगीतकार) बऱ्याच व्हर्स परत आणल्या, कारण तोवर जास्त वेळ वाजणारी लाँग-प्ले तबकडी आली होती.

हं, मूळ प्रश्न. ‘स्टँडर्ड’ तसाच ठेवा, पण ‘स्टँडर्ड्सची’ हे इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्ययाचं ठिगळ नको. ‘स्टँडर्ड गाणी’ लिहा. मराठीच हवं असेल तर गवई बंदिशीला म्हणतात ती ‘चीज’ आहे की. फारसीत तिचा अर्थ नुसता ‘वस्तू’, आणि ती कुणीही गावी.