नावावर जाऊ नका, वॅट विचारा

वाचकांचे प्रश्न : गेमिंगचा संगणक

प्रश्न : मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला जातेय, वसतिगृहात राहील. अभ्यासाव्यतिरिक्त तिला व्हॅलोरंट आणि सायबरपंक २०७७ खेळायचे आहेत. दुकानदार म्हणतो, आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये असो की डेस्कटॉपमध्ये, कार्ड तेच. त्याने ४०६० चेच दोन लॅपटॉप दाखवले, पण त्यांत पंधरा हजारांचा फरक. तो कशाचा? आणि मुळात लॅपटॉप घ्यावा का?
— एक पालक, लातूर

उत्तर : कार्ड तेच, हे अर्धंच खरं. दोन्हीकडे ३०७२ कोअर आणि ८ जीबी मेमरी आहे. फरक खुराकात आहे. डेस्कटॉपचं कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपच्या ४०६० ला चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट अशी मोकळीक ठेवली आहे, आणि त्यातले किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. कारण तेवढी उष्णता बाहेर फेकणारे पंखे आणि तांब्याच्या नळ्या तिलाच बसवायच्या असतात. पातळ, देखण्या लॅपटॉपला ६० वॅट मिळाले तर जाडजूडाला १०० च्या वर. तुमच्या पंधरा हजारांतला बराच भाग इथे जात असणार, उरलेला पडद्यात.

६० वरून १०० वॅटवर गेलं की फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) चांगलाच वाढतो. पुढे जाहिरातीतल्या, वरचा तात्पुरता ‘बूस्ट’ धरून सांगितलेल्या १४० वर गेलं तर जेमतेम, कारण तोवर चिप आपल्या व्होल्टेजच्या मर्यादेला टेकलेली असते. तेव्हा १०० च्या आसपास मिळत असतील तर त्याहून जास्तीसाठी पैसे मोजू नका. हा आकडा खोक्यावर सहसा नसतो. दुकानातल्या मशीनवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडायला सांगा आणि ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मध्ये ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ पाहा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान गाठा. आणि ‘थोडे घालून ४०७० घ्या’ या आग्रहाला बळी पडू नका. तिथे तर नाव एक आणि चिप वेगळी: डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि मेमरी पुन्हा ८ जीबीच.

मशीन चालू आहे तोवर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ वाचा. ‘१ ऑफ २’ दिसलं तर रॅमची एकच पट्टी आहे. गेममध्ये मधूनमधून झटके बसतात त्याला बऱ्याचदा तीच कारणीभूत असते. ८ जीबीच्या दोन पट्ट्या १६ जीबीच्या एकीपेक्षा बऱ्या. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर पुढे वाढवता येणार नाही, मग सुरुवातीलाच १६ च्या खाली नको. पडद्याची माहिती वाचताना ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) असं दिसलं तर रंग फिकट असणार हे धरून चाला. सायबरपंकला एसएसडी (वेगवान डिस्क) लागतेच आणि तो एकटाच ७० जीबी खातो, म्हणून ५१२ जीबीच्या मशीनमध्ये दुसऱ्या एसएसडीसाठी जागा आहे का, हेही विचारून घ्या.

लॅपटॉप की डेस्कटॉप? वसतिगृह, दर सुट्टीला लातूर, वर्गात घेऊन जायचं मशीन, हे सगळं पाहता लॅपटॉप. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त जोरकस होतो, चार वर्षांनी नुसतं कार्ड बदलून पुढे चालतो, दुरुस्तीही सुटी होते. पण तो एसटीत घालून नेता येत नाही. मुलगी घरी राहून शिकणार असती तर उत्तर उलट दिलं असतं.

प्रश्न : नव्या गेमिंग लॅपटॉपची पिन काढली की गेम रखडतो, बॅटरी ९० टक्के असली तरी. टाइप-सीच्या ६५ वॅटच्या चार्जरवरही तेच. लॅपटॉप सदोष आहे का?
— कोल्हापूर

उत्तर : नाही. गेम चालू असताना प्रोसेसर ४५, ग्राफिक्स १००, त्यात पडदा आणि पंखे, अशी १६०-१७० वॅटची मागणी असते. ६० वॅट-अवर बॅटरीने ती पुरवायची म्हटली तर वीस-बावीस मिनिटांत ती आडवी होईल, म्हणून लॅपटॉप स्वतःच ग्राफिक्सचा हात आखडतो. ६५ वॅटचा चार्जर नोट्स काढायला ठीक. गेमला सोबत आलेली जड वीटच हवी. मशीन दिवसभर टेबलावर पिन लावून असेल, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, बॅटरी जास्त वर्षं टिकेल.

प्रश्न : मे महिन्यात प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि फ्रेमरेट निम्म्यावर येतो. कूलिंग पॅड घेऊ का?
— नागपूर

उत्तर : आधी फुकटचे उपाय. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते. डिसेंबरात ८५ असलेला आकडा मे महिन्यात ९५ होणारच. ९५ ते १०० या टापूत प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन गादीवर ठेवत असाल तर तळाच्या जाळ्या बंद होतात, म्हणून टेबलावर ठेवा आणि मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला. मग पॉवर प्लॅनमधल्या ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’मध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण त्याने टर्बो (प्रोसेसरने गरजेला घेतलेला जादा वेग) बंद होतो आणि तापमान दणदणीत उतरतं. बहुतेक गेममध्ये ओझं ग्राफिक्सवर असतं, त्यामुळे फ्रेम थोड्याच जातात. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला ‘बॅलन्स्ड’ मोड लावा. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. ते हवेने गरगर फिरलं तर बेअरिंग जातं.

प्रश्न : सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉप स्वस्तात मिळाला: इंटेल आय ५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, लहान चपटं कॅबिनेट. त्यात जुनं आरटीएक्स ३०६० बसेल का? दुकानदार साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरला कन्व्हर्टर लावून देतो म्हणतो.
— नाशिक

उत्तर : कन्व्हर्टरला सरळ नाही म्हणा. साटाच्या पॉवर कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅटची, आणि कार्डाच्या सहा पिनी कनेक्टरला ७५ वॅटपर्यंत मागायचा हक्क आहे. जास्तीचा प्रवाह त्या बारीक पिनांवर पडतो, प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग वितळतं. शिवाय ३०६० ची स्वतःची भूक १७० वॅटची. ऑफिसच्या अशा चपट्या मशीनमध्ये एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बहुतेकदा २०० वॅटच्या आसपासचा, कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा असतो. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही आणि पूर्ण उंचीचं कार्डही मावत नाही.

तुमच्यासाठी रस्ता एकच: मदरबोर्डचा स्लॉट देतो त्या ७५ वॅटमध्ये भागणारं, आखूड उंचीचं कार्ड. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटमध्ये चालतं आणि त्याला वेगळी वायर लागत नाही. नाव नीट वाचा, कारण ३०५० चं ८ जीबी मॉडेल १३० वॅटचं आहे आणि त्याला वायर लागते. लो प्रोफाइल पत्रा खोक्यात आहे ना, तेही पाहा. विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून स्लॉटशेजारची जागा मोजा. ही कार्डं बहुतेक दोन स्लॉट जाडीची असतात आणि काही मशीनमध्ये शेजारी लगेच एसएमपीएसची भिंत येते. स्वस्त म्हणून कुणी आरएक्स ६४०० सुचवेल. ते ५३ वॅटचं आहे, पण पीसीआयईच्या, म्हणजे कार्डाच्या स्लॉटच्या, चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. तुमच्या बोर्डाचं पीसीआयई तिसऱ्या पिढीचं, त्यामुळे तिथे ते आणखी मंदावतं.

सोबत तशाच वेगाची ८ जीबीची दुसरी पट्टी टाका. मशीनवर विंडोज ११ असेल आणि व्हॅलोरंट खेळणार असाल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू करा. नाहीतर गेम सुरूच होणार नाही आणि दोष नव्या कार्डाला जाईल.

प्रश्न : असेम्बल केलेल्या पीसीच्या (रायझन ५ ५६००, आरटीएक्स ४०६०) कॅबिनेटला अनवाणी हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, असं होतंच. शिवाय लाइट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस गेम चालू असताना मशीनसकट बंद पडतो. घर जुनं आहे.
— रत्नागिरी

उत्तर : होतं खरं, पण होऊ देऊ नये. एसएमपीएसमध्ये वीज येते तिथेच फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह मुकाट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो आणि तुमच्या पायांतून वाट शोधतो. प्रवाह इतका थोडा असतो की झिणझिण्यांवर भागतं. मात्र त्याच वेळी एचडीएमआय केबलने टीव्ही जोडलात तर पोर्ट जळू शकतो.

मल्टीमीटरने तिन्ही मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ, दोन्ही २३० च्या जवळ. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नुसत्या मीटरवर विसंबू नये, कारण तुटक्या अर्थवरही तो कधीकधी फसवा आकडा दाखवतो. वायरमनकडचा १०० वॅटचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला की तो लख्ख पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) असेल तर ती ट्रिप होईल. त्यावरून अर्थ कुठेतरी जोडलेलं आहे एवढंच कळतं, ते चांगलं आहे असं नाही. अर्थ नसेल तर खड्डा घेऊन नवं करून घ्या. नळाच्या पाइपला वायर गुंडाळायचा जमाना पीव्हीसीबरोबर गेला. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याला मात्र परत पाठवा: न्यूट्रल कुठे तुटला तर तुमच्या कॅबिनेटवर थेट २३० व्होल्ट येतील.

यूपीएसचं गणित वेगळं. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. तुमचा प्रोसेसर ७५, कार्ड ११५, बाकीचं ४०, मॉनिटर ३०, वर एसएमपीएसची घट, असे गेममध्ये २९० च्या घरात जातात. कागदावर बसतं. पण तेवढ्या भाराला १२ व्होल्टच्या ७ एएच बॅटरीतून २५-३० अँपिअर खेचले जातात आणि दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी तिथे मान टाकते. आधी बॅटरी बदलून पाहा. तरी बंद पडला तर १००० ते ११०० व्हीएचा घ्या. त्यावर पीसी, मॉनिटर आणि राउटर एवढंच लावा, लेसर प्रिंटर कधीच नाही. गेम वाचवून मशीन नीट बंद करायला पाच-सात मिनिटं मिळाली की यूपीएसचं काम संपलं.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, काहीच फरक जाणवत नाही.
— ठाणे

उत्तर : केबल मदरबोर्डच्या पोर्टात खोचली आहे का पाहा, ती खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पोर्टांत हवी. मग विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट ६० वरून १४४ करा, तो आपोआप होतोच असं नाही. यादीत १४४ दिसतच नसेल तर जुनी एचडीएमआय केबल काढून डिस्प्लेपोर्टची लावा.