ताहिनी नाही, मग हमस कसं करायचं?

प्रश्न: ताई, मुलाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे, संक्रांतीला तिळगूळ खाल्ला आणि अंगभर गांधी उठल्या तेव्हा कळलं. आता त्याच्या कॉलेजच्या मित्रांकडे हमस-पिटा (काबुली चण्यांचं मऊ अरबी वाटण आणि सोबत रोटी) असतं आणि हा नुसता बघत बसतो. त्यातली तिळाची ताहिनी न घालता घरी हमस होतं का? दाण्याचा कूट घातला तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: होतं, आणि छान होतं. पण दाण्याचा कूट नको, हे आधीच सांगून टाकते. मी स्वतः केलाय हा उद्योग. तेव्हा ताहिनी आमच्याकडे मिळत नव्हती, म्हटलं दाणे काय आणि तीळ काय, मूठभर भाजलेले दाणे घातले फिरवून. सासूबाईंनी बोटाने चाटून विचारलं, ही दाण्याची चटणी एवढी पातळ का केलीस गं? बरोबरच होतं त्यांचं, दाण्याची चव बाकी कोणाला बोलूच देत नाही. आणि तुमच्याकडे तर मुद्दा अ‍ॅलर्जीचा आहे, तिळाची असली की काहींना दाणे-काजूही सोसत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाच्या जागी दुसरं घालून बघू नका.

ताहिनी म्हणजे सोललेल्या तिळाची गुळगुळीत पेस्ट. हमसमध्ये ती दोन कामं करते, थोडा कडसर खमंगपणा देते आणि स्निग्धपणामुळे चणे लोण्यासारखे लागतात. पहिलं काम दुसऱ्या कशाने नीट होत नाही, त्याचा नाद सोडा. दुसरं मात्र चण्यांकडूनच करून घेता येतं, आणि सगळी मेहनत तिथेच घालायची.

1 कप काबुली चणे (200 ग्रॅमच्या आसपास) रात्रभर भिजवा, पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या, नवीन पाणी आणि चिमूटभर सोडा घालून कुकरला 7-8 शिट्ट्या, मग मंद गॅसवर 15 मिनिटं. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस शिट्टीत अडकतो. बोअरचं जड पाणी असेल तर चणे हट्टी होतात, तिथे फिल्टरचं वापरा. चणा दोन बोटांत धरला की त्याचा लगदा झाला पाहिजे, उसळीसाठी शिजवतो तसा अख्खा टपोरा राहिला तर अजून शिजवा. शिजवलेलं पाणी टाकू नका हं!

2 लसूण पाकळ्या ठेचून दीड लिंबाच्या रसात 10 मिनिटं ठेवा, आंबटात लसणाचा उग्रपणा मरतो. मग गरम चणे, हा रस, मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि 3 मोठे चमचे चक्का (दही रात्रभर टांगून ठेवा, श्रीखंडाला करतो तसंच) मिक्सरला लावा, मध्ये मध्ये थांबून कडा खरवडा, आणि शेवटी 3-4 चमचे अगदी बर्फाचं गार पाणी थोडं थोडं घालत फिरवा, रंग फिका होत जातो आणि ते फुलून येतं. ऑलिव्ह ऑइल मिक्सरमध्ये घालू नका, जोरात फिरवलं की कधी कधी कडू होतं. वरून चांगलं 3 चमचे ओता, थोडं तिखट भुरभुरवा. तिळाचं तेल, गोडा मसाला, भोगीची तीळ लावलेली भाकरी ही तुमच्याकडे बंदच असणार, बाहेरचं तयार हमसही देऊ नका, त्यात ताहिनी असतेच.

प्रश्न: ताहिनी नसेल तर त्याला हमस म्हणायचं का पण? (आणखी एक वाचक, पुणे)

उत्तर: पुण्याचा प्रश्न, आलाच! अरबीत हुम्मुस म्हणजे चणे. पूर्ण नाव हुम्मुस बि ताहिना, म्हणजे ताहिनी घातलेले चणे, तेव्हा ताहिनीशिवाय जे उरतं ते नुसतं हुम्मुस, नावाला काही धक्का नाही. लेबनॉनमध्ये बलीला करतात, शिजवलेले गरम चणे, लसूण, जिरं, लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल, त्यात ताहिनी लागत नाही. तरीही तिकडच्या माणसासमोर आपलं चक्क्याचं हमस ठेवताना जरा जपून. हमस आमचं की तुमचं यावरून लेबनॉन आणि इस्राएलची जुंपलेली असते, 2010 मध्ये लेबनॉनने 10,452 किलोचं हमस करून विक्रम केला, आणि आकडा मुद्दाम तोच धरला कारण देशाचं क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर आहे. असे लोक आहेत ते.

प्रश्न: माझं हमस रवाळ आणि घट्ट होतं, पुरणासारखं. काय चुकतं?

उत्तर: गार चणे वाटले असणार. पुरण तरी आपण गार झाल्यावर वाटतो का? शिवाय सालं. एकेक चणा सोलत बसायचा कंटाळा येत असेल (मला येतो) तर गरम चणे पुरणाच्या चाळणीवर घासून घ्या, सालं बरीचशी वर राहतात, मग मिक्सरला लावा. घट्ट झालं तर तेल वाढवू नका, ते बाजूला ठेवलेलं चण्याचं पाणी चमचा चमचा घाला, म्हणूनच तर ठेवायला सांगितलं. आणि मिक्सरमधून काढताना थोडं सैलच ठेवा, फ्रिजमध्ये ते आणखी आळतं. डब्यात 3 दिवस राहतं, चक्का घातलेलं असेल तर मी 2 दिवसांतच संपवते.