वाचकांचे प्रश्न : एअरबॅग असलेल्या गाडीला बुलबार बसवताना

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी असून तिला पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग आहेत. मला कामानिमित्त जंगलातील रस्त्यांवरून रात्री-अपरात्री जावे लागते. जनावर अचानक आडवे आल्यामुळे आतापर्यंत दोन वेळा बंपर आणि रेडिएटर बदलावे लागले. माझ्या मॉडेलसाठी तयार बुलबार, म्हणजे बंपरपुढे बसवायची धातूची भक्कम चौकट, मिळत नाही. ओळखीचे एक फॅब्रिकेटर मापानुसार जाड पोलादी बुलबार तयार करून तो थेट चॅसिसला बोल्टने जोडून देण्यास तयार आहेत. त्यांचे वेल्डिंग उत्तम असते. बार जितका भक्कम तितकी गाडी सुरक्षित, एअरबॅगशी त्याचा काही संबंध येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : त्यांच्या कारागिरीबद्दल मला शंका नाही, परंतु त्यांचे हे म्हणणे चुकीचे आहे आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एअरबॅग उघडायची की नाही, हे ठरवणारा संगणक सहसा पुढच्या दोन आसनांच्या मधोमध, गाडीच्या तळाशी पक्का बसवलेला असतो. अनेक गाड्यांमध्ये त्याला माहिती पुरवणारे एक किंवा दोन सेन्सर पुढे, रेडिएटरच्या चौकटीजवळही असतात. गाडी भिंतीवर आदळली, झाडावर की जनावरावर, हे या संगणकाला दिसत नाही. त्याला कळते ते एवढेच, की गाडीचा वेग किती झपाट्याने आणि कोणत्या क्रमाने घटत आहे. समोरासमोरची जोरदार धडक साधारण एक दशांश सेकंदात आटोपते. त्यातील पहिल्या १५ ते ३० मिलिसेकंदांत संगणकाला निर्णय घ्यावा लागतो आणि पुढच्या सुमारे ३० मिलिसेकंदांत एअरबॅग पूर्ण फुगावी लागते.

हा निर्णय कशाच्या आधारे घेतला जातो, ते समजून घ्या. मूळ गाडीत प्लॅस्टिकच्या बंपरमागे एक आडवी तुळई असते, तिच्यामागे चुरगळण्यासाठीच बनवलेले पोकळ डबे असतात आणि त्यांच्यामागे चॅसिसच्या दांड्यांची टोके ठरावीक पद्धतीने दुमडतात. ही उतरंड कोणत्या धडकेत कशी कोसळते, हे निर्मात्याने खऱ्या गाड्या आदळवून मोजलेले असते आणि संगणकातील आज्ञावली त्या मोजमापांवरच बेतलेली असते. आपण बुलबार बसवतो तेव्हा या उतरंडीची नेमकी पहिली पायरी बदलतो, आणि निर्णयाचे ते मोलाचे १५-२० मिलिसेकंद याच पायरीवर खर्च होत असतात.

यातून दोन प्रकारचे धोके संभवतात. बार आणि त्याच्या कमानी (बार चॅसिसला जोडणारे आधार) फार ताठ असतील, तर एरवी बंपरवर निभावली असती अशी धडकही थेट चॅसिसमध्ये जाते, संगणकाला ती मोठी वाटते आणि एअरबॅग नको तेव्हा उघडतात. रात्रीच्या वेळी, वळणावर, एखाद्या जनावराला धक्का लागल्यावर असे झाले, तर चालकाचा गाडीवरील ताबा सुटू शकतो. दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटतो. बार भक्कम असूनही त्याच्या कमानी कमजोर असतील, तर आधी त्या वाकतात, धक्का लांबत जातो आणि संगणक उशिरा जागा होतो. तोवर प्रवासी पुढे झुकलेला असतो आणि ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर येणारी एअरबॅग त्याच्या चेहऱ्यावर अगदी जवळून आदळते. कोणतीही कमान या दोहोंपैकी कोणत्या बाजूला झुकणार आहे, हे नुसत्या डोळ्यांनी किंवा अनुभवाने सांगता येत नाही. उत्तम वेल्डिंग करणाऱ्यालाही ते सांगता येणार नाही.

आता ‘जितका भक्कम तितका सुरक्षित’ या समजुतीविषयी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळत थांबली, तर तिला बसणारा सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट असतो. ताठ बारामुळे हे अंतर निम्म्यावर आले, तर तोच धक्का सुमारे ३३ पट होतो. गाडीचा पत्रा वाचला, तरी आतील माणसाच्या बरगड्यांना आणि मेंदूला हा फरक सोसावा लागतो. बाहेरच्या माणसाचाही विचार करावा लागेल : जाड नळीची कड लहान मुलाच्या डोक्याच्या किंवा मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर येते आणि मूळ बंपर जो धक्का पसरवून देतो, तो ती एका रेषेत एकवटते.

एअरबॅगशी सुसंगत बुलबार ही मात्र कल्पना नव्हे, असे बार मिळतात. त्यांच्या कमानींमध्ये खाचा, घड्या किंवा चुरगळणारे डबे ठेवलेले असतात, जेणेकरून चॅसिसपर्यंत धक्का मूळ गाडीप्रमाणेच पोहोचावा. बुलबार सर्रास वापरले जातात त्या ऑस्ट्रेलियात समोरासमोरच्या धडकेसाठी एडीआर (ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल) ६९ हा नियम आहे, त्यातील चाचणीत गाडी ताशी ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळवली जाते. रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षेसाठी तिथे २००२ पासून एएस (ऑस्ट्रेलियन स्टँडर्ड) ४८७६.१ हे मानकही आहे. विक्रेत्याकडून बारावरचे स्टिकर पाहून समाधान मानू नका. आपल्याच मॉडेलच्या, त्याच चॅसिसच्या आणि त्याच एअरबॅग प्रणालीच्या गाडीसाठी केलेल्या चाचणीचे लेखी प्रमाणपत्र मागा.

कायदाही देशागणिक वेगळा आहे. युरोपीय संघाने २००५ मध्ये २००५/६६/ईसी या निर्देशाद्वारे अशा बारांसाठी चाचण्या ठरवून दिल्या. भारतात डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुलबार हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे कळवले आणि कारवाई करण्यास सांगितले. गाडीची नोंदणी जिथे आहे, तिथल्या नियमांत बार बसत नसेल, तर पुढचे सर्व विवेचन निरर्थक ठरते.

आपल्या बाबतीत माझे स्पष्ट मत असे, की फॅब्रिकेटरकडून हा बार करून घेऊ नये. कायदा परवानगी देत असेल आणि गरज खरोखरच अटळ असेल, तर वाहनातील बदल प्रमाणित करण्याचा अधिकार असलेल्या अभियंत्याकडे जा. त्याने आधी कमानींचा आराखडा आणि त्यांची चुरगळण्याची क्षमता गणिताने किंवा चाचणीने सिद्ध करावी आणि मगच फॅब्रिकेटरने पोलादाला हात लावावा. काम करताना चॅसिसवर वेल्डिंग होता कामा नये आणि पुढचे सेन्सर एक इंचही हलवू नयेत. बॅटरीची जोडणी काढल्यानंतरही संगणकात काही काळ वीज साठून राहते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे आणि एअरबॅगच्या वायरींना, ज्या सहसा पिवळ्या आवरणात असतात, मल्टिमीटर लावू नये. काम झाल्यावर चावी फिरवताच डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझला म्हणजे वायरींचा मार्ग अखंड आहे, एवढेच सिद्ध होते. बार सुसंगत आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

वजनाचा हिशेबही आधीच करा. समजा, बार ६० किलोचा आहे, तो पुढच्या आसापासून ९० सेंटिमीटर पुढे बसतो आणि गाडीच्या दोन आसांमधील अंतर २.८ मीटर आहे. तरफेच्या नियमानुसार पुढच्या आसावर ६० नव्हे, तर सुमारे ७९ किलो भार वाढतो आणि मागच्या आसावरील सुमारे १९ किलो कमी होतो. विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र, बसवली, तर आकडा आणखी वाढतो. पुढच्या आसाची मर्यादा ओलांडली जात नाही, स्प्रिंग दबत नाहीत आणि हेडलाइटचा झोत बिघडत नाही, हे तपासून घ्यावे.

बार मिळेपर्यंत, किंवा न मिळाल्यासही, आपल्या हातात एक उपाय आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, चालकाच्या प्रतिसादाचा दीड सेकंद धरून, थांबायला सुमारे ७० मीटर घेते. ताशी ६० ला हेच अंतर सुमारे ४५ मीटर असते. हेडलाइटच्या उजेडात जनावर दिसल्यावर या २५ मीटरांनी केलेली मदत कोणताही बार करू शकत नाही.

प्रश्न : बुलबारामुळे एअरबॅग चुकीच्या वेळी उघडण्याची भीती असेल, तर एअरबॅगच बंद करून टाकल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया असे करू नका. अनेक गाड्यांमध्ये धडकेच्या क्षणी सीटबेल्ट घट्ट खेचणारी यंत्रणाही त्याच संगणकावर चालते, त्यामुळे एकाबरोबर दुसरेही संरक्षण जाऊ शकते. शिवाय छातीवर जास्त ताण येऊ नये म्हणून कित्येक सीटबेल्ट ठरावीक भारानंतर थोडे सैल सुटतात. पुढे एअरबॅग उघडलेली असेल, हे गृहीत धरूनच त्यांची रचना केलेली असते. एअरबॅग नसेल, तर असा सैल झालेला पट्टा डोक्याला स्टिअरिंगपर्यंत जाऊ देतो. बार आणि एअरबॅग यांपैकी एकच ठेवायचे असेल, तर बार काढा.

प्रश्न : ॲल्युमिनियमचा बार हलका असतो. तो एअरबॅगच्या दृष्टीने आपोआप सुरक्षित ठरतो का? माझ्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारे रडारही आहे.

उत्तर : पुढच्या आसावरचा भार कमी होतो, हा ॲल्युमिनियमचा खरा फायदा आहे. एअरबॅगचा प्रश्न मात्र धातूपेक्षा कमानींवर अवलंबून असल्याने तो तसाच राहतो. ज्या मिश्रधातूंना उष्णतेच्या प्रक्रियेने बळकटी दिलेली असते, त्यांची ताकद वेल्डिंगच्या सांध्यालगत बरीच घटते, हेही लक्षात ठेवावे. रडारच्या लहरी धातूतून आरपार जात नाहीत. त्यामुळे त्याच्या समोर बाराचा कोणताही भाग, दिवा किंवा नंबर प्लेट येता कामा नये. रडारची जागा बदलावी लागत असेल, तर निर्मात्याने मान्य केलेली कमान वापरूनच ते हलवावे आणि अधिकृत उपकरणाने त्याचे कॅलिब्रेशन करून घेतल्यानंतरच गाडी रस्त्यावर आणावी.